साताऱ्यातला कॉलवरचा ड्रायव्हर : गाडी आपली, झोप त्याची

ड्रायव्हरसाठी एजन्सीला फोन लावला की समोरचा लगेच दर सांगायला लागतो. आठ तासांचे इतके, बारा तासांचे इतके, आऊटस्टेशनला जेवण वेगळं. त्याला तिथेच थांबवून विचारावं, ‘उद्या सकाळी जो येणार आहे, तो आज रात्री कुठे आहे?’ आपल्या गाडीवर दिवसापुरता ड्रायव्हर पुरवणाऱ्या सेवेची निम्मी परीक्षा या एका प्रश्नात होते. आदल्या संध्याकाळी आठपर्यंत ड्रायव्हरचं नाव, मोबाइल नंबर आणि ‘आज तो गावातच आहे’ हे सांगणारी सेवा घ्यावी. ‘कोण येईल ते सकाळी कळवतो’ म्हणणाऱ्याकडे उद्याचा माणूस अजून ठरलेलाच नसतो. मग पहाटे मुंबईहून भाडं टाकून आलेला कुणीतरी सापडतो, तोंडावर पाणी मारून सहा वाजता दारात उभा राहतो आणि खंबाटकी चढायच्या आधीच त्याला दुसरा चहा लागतो.

साताऱ्यात ही सेवा तीन वाटांनी मिळते. पहिली म्हणजे फक्त ड्रायव्हर पुरवणाऱ्या लहान एजन्सी. यांच्याकडे बऱ्याचदा ऑफिस नसतं, एक फोन आणि वीस-पंचवीस ड्रायव्हरांची वही असते. दुसरी ट्रॅव्हल्सवाल्यांची. त्यांच्या गाड्या उभ्या असतात तेव्हा रिकामा ड्रायव्हर ते तुमच्या गाडीवर पाठवतात. तिसरी म्हणजे ओळखीतला सुटा ड्रायव्हर. तिन्हींत ट्रॅव्हल्सवाल्याचा माणूस हायवेला सगळ्यात सरावलेला असतो, पण लग्नसराईत आणि मे महिन्यात तो मिळत नाही, मिळालाच तर दमलेला मिळतो. सुटा ड्रायव्हर घरच्यासारखा वागतो, म्हाताऱ्यांची नावं लक्षात ठेवतो, मात्र तो आजारी पडला तर पर्याय नसतो. एजन्सीचा खरा फायदा तो पर्याय देणं हाच आहे. म्हणून एजन्सी निवडताना सगळ्यात चांगला ड्रायव्हर कसा आहे हे बघून उपयोग नाही, बदली म्हणून कोण येतो ते बघावं.

तासांचा हिशोब नीट समजून घेतला नाही तर वाद तिथेच होतो. शाहूपुरी किंवा गोडोलीतून आईवडिलांना पुण्याला दवाखान्यात न्यायचं आहे असं धरू. सकाळी सहाला निघालं की वाटेतला चहा आणि पुण्यातली गर्दी धरून नऊपर्यंत पोचतो. तपासण्या, रिपोर्ट, डॉक्टरांची वेळ यात चार वाजतात. साडेचारला निघून घरी यायला साडेसात-आठ. झाले चौदा तास. बारा तासांचं पॅकेज घेतलं असेल तर दोन तास जादा. हे गणित आदल्या दिवशीच एजन्सीशी बोलून घ्यावं, कारण काही ठिकाणी जादा तासाचा दर सुरुवातीच्या तासापेक्षा चढा असतो. तास कुठून धरायचे हेही विचारावं. काही जण ड्रायव्हर तुमच्या दारात आल्यापासून धरतात, काही ‘गॅरेज टू गॅरेज’ म्हणजे तो त्याच्या घरून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत. दुसऱ्या पद्धतीत बिल सहज दीड तासाने फुगतं.

या चौदा तासांत स्टिअरिंगवर तो सहा तासच असतो, बाकी वेळ गाडीत बसून असतो, असं म्हणून घासाघीस करणारे भेटतात. ते बरोबर नाही. हे ड्रायव्हर बहुतेक लिंब, वडूथ, देगाव, नागठाणे अशा गावांतून टू-व्हीलरवर येतात. सहाच्या ड्युटीसाठी तो साडेचारला उठलेला असतो. दवाखान्याच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, काचा खाली करून, डास मारत त्याला झोप लागत नाही. परतीला संध्याकाळी सहानंतर, पोट भरलेलं, सूर्य उजव्या काचेतून डोळ्यावर, अशा वेळी पेंग येते. पुण्यात पोचल्यावर त्याला स्पष्ट सांगावं, ‘आता तीन तास तुम्ही मोकळे, जेवून घ्या, झोपा, निघायच्या अर्धा तास आधी फोन करतो.’ जेवणाचे पैसे हातात आधीच द्यावेत. नुसता ‘जेवणभत्ता बिलात धरू’ म्हटलं की तो वडापाववर भागवतो. रात्री दहानंतरचा भत्ता मागितला की अनेकांना खटकतो, पण त्या वेळी गावाकडे एसटी नसते आणि थंडी-पावसात अंधारातून त्याला गाडीवर घरी जायचं असतं. हा भत्ता रास्त आहे. रास्त नाही ते म्हणजे मुक्काम नसताना ‘नाईट हॉल्ट’ लावणं. बिलात दोन्ही दिसले तर एक खोडायला सांगावं.

आता या सेवेचा सगळ्यात कच्चा दुवा. साताऱ्यातल्या घरांत ऑटोमॅटिक गाड्या झपाट्याने आल्या, ड्रायव्हर मात्र बहुतेक मॅन्युअलवरच वाढलेले आहेत. ‘ऑटोमॅटिक चालवता येते का’ विचारलं तर उत्तर कायम ‘हो’ येतं, कारण सपाट रस्त्यावर डी टाकून कुणालाही चालवता येते. फरक चढावर कळतो. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटात गाडी घ्यायला सांगा, चढावर थांबवा आणि पुन्हा उचलायला सांगा. एएमटी (मॅन्युअल गियरबॉक्सवरच बसवलेलं ऑटोमॅटिक) गाडीत क्लच यंत्र दाबतं, पण क्लच मॅन्युअलसारखाच असतो. ड्रायव्हर ब्रेक सोडून हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर ‘तोलून’ धरायला लागला, तर तो क्लच जाळतोय. मॅन्युअलवरच्या हाफ क्लचची सवय पायातून गेलेली नसते. जाणकार माणूस ब्रेकवर किंवा हँडब्रेकवर गाडी धरतो आणि समोर जागा झाली की एकदम उचलतो. डाव्या पायावरही लक्ष ठेवावं. क्लच शोधणारा डावा पाय घाईत ब्रेकवर पडला की मागचा आपल्याला ठोकतो. बहुतेक एएमटीत ‘पी’ म्हणजे पार्किंगचा गियर नसतो, त्यामुळे उभी करताना गियरमध्ये ठेवून, इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढणं हेच पार्किंग. हे ज्याला सांगावं लागतं त्याला घाटात पाठवू नये.

ड्युअल क्लचच्या, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाडीचं दुखणं वेगळं आहे. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे जाणाऱ्या रांगेत इंच-इंच सरकत राहिलं की तिचे क्लच तापतात आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. पुढच्या गाडीला दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्यायची आणि मग एका दमात पुढे जायचं, हा त्यावरचा साधा उपाय. मागचे हॉर्न वाजवतात, ड्रायव्हरने ते कानाआड करायला हवेत.

उतारावर एकच सवय तपासायची. पसरणीच्या घाटातून वाईला उतरताना किंवा केळघर घाटातून मेढ्याकडे येताना गाडी न्यूट्रल केली, की त्याचा हिशोब पूर्ण. डिझेल वाचवायची ही जुनी शिकवण अजून पक्की बसलेली आहे. प्रत्यक्षात गियरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना आजकालच्या इंजिनात इंधन जवळपास बंदच असतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला ते लागतं. म्हणजे बचत होत नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर येतो. दुसरा-तिसरा गियर, ऑटोमॅटिकला मॅन्युअल मोड किंवा एल (लो गियर), आणि ब्रेक थांबून थांबून. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं तशीच थंड होऊ द्यावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतणारे महाभाग असतात, त्यांना हात धरून थांबवावं. डिस्क वाकडी होते आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं.

हायवेचं ज्ञान विचारायचं तर दोनच ठिकाणं पुरेत. पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर उताराला लागून येणारं एस वळण, आणि मुंबईला जाताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार. दोन्हीकडे धोका पुढच्या वळणाइतकाच मागून येणाऱ्या ट्रकचा असतो. त्यातले काही न्यूट्रलवर येतात, ब्रेक तापलेले असतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. चांगला ड्रायव्हर इथे दोन ट्रकांच्या मध्ये अडकून राहत नाही आणि आरशात सतत बघतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर मोटारींना सपाटीला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे, कॅमेरे ती मोजतात आणि चलन गाडीमालकाच्या नावावर येतं. ते मेसेजने येईपर्यंत ड्रायव्हर तिसऱ्याच गाडीवर असतो. म्हणून ‘वेगाचं, सिग्नलचं आणि मोबाइलचं चलन ड्रायव्हरचं, पार्किंगचं आम्ही सांगितलं असेल तर आमचं’ असं एजन्सीकडून व्हॉट्सॲपवर एका ओळीत लिहून घ्यावं. चांगल्या एजन्सी हे मान्य करतात. ज्या टाळतात, त्यांच्या ड्रायव्हरांना वेगाची सवय आहे असं खुशाल समजावं.

घाई बहुतेक वेळा मालकच लावतो, हेही खरं.

टोलच्या बाबतीत आपली गाडी आणि त्यांचा ड्रायव्हर ही जोडी टॅक्सीपेक्षा सरस ठरते. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला : एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते, आणि सुरुवातीची किंमत ३,००० रुपये. एक नाका ओलांडला की एक फेरी. सातारा-पुणे वाटेत आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे दोन नाके, म्हणजे जाऊन-येऊन चार फेऱ्या. त्या किमतीने एका पुणेवारीचा टोल साठ रुपयांत बसतो आणि वर्षाला पन्नास वाऱ्या होतात. हा पास पिवळ्या पाटीच्या गाडीला मिळत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे राज्याचा असल्यामुळे तिथे तो चालत नाही, तिथला टोल खात्यातून कापला जातो. पास आहे म्हणून फास्टॅगमधली शिल्लक शून्यावर ठेवली, तर घोटाळा एक्स्प्रेस वेच्या टोलनाक्यावर होतो.

कागदपत्रांत लोक चुकीच्या गोष्टीवर अडतात. ‘बॅज आहे का?’ म्हणजे भाड्याची गाडी चालवायचा बिल्ला आहे का, असं हमखास विचारलं जातं. स्वतःच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीसाठी हलक्या वाहनाचं साधं लायसन्स पुरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तर नोव्हेंबर २०२४ मध्ये साडेसात हजार किलोच्या आतल्या व्यावसायिक वाहनांसाठीही वेगळी नोंद लागत नाही असा निर्णय दिला. बघायची ती लायसन्सची मुदत. लॅमिनेट केलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. परिवहनच्या सारथी पोर्टलवर नंबर आणि जन्मतारीख टाकली की चालू आहे की निलंबित, ते दोन मिनिटांत दिसतं. विनालायसन्स माणसाच्या हाती गाडी दिली तर दंड मालकालाही आहे, आणि विमा कंपनी हात वर करते ते वेगळंच. पोलिसांची चारित्र्य पडताळणी एजन्सीने केलेली असावी आणि तिची तारीख बघावी. पाच वर्षांपूर्वीचा कागद दाखवून ‘व्हेरिफाइड’ म्हणणारे कमी नाहीत.

विम्याच्या पॉलिसीत एक बारीक ओळ असते : पगारी ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी, म्हणजे एलएल टू पेड ड्रायव्हर. तिचा हप्ता माणशी साधारण पन्नास रुपये. ऑनलाइन पॉलिसी घेताना बहुतेक जण तो चौकोन टिक न करताच पुढे जातात. अपघातात ड्रायव्हर जखमी झाला तर त्याच्या भरपाईची जबाबदारी मालकावर येऊ शकते, आणि त्या वेळी हे पन्नास रुपये आठवतात. पॉलिसीत दिसणारा १५ लाखांचा ‘ओनर-ड्रायव्हर’ अपघात विमा मालकापुरता असतो, ड्रायव्हरला तो लागू नाही. पगारी ड्रायव्हरसाठी वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. नूतनीकरणाची वाट न बघता मध्येच जोडून मिळतं का, ते एजंटला विचारावं.

कुठे ही सेवा घेऊ नये तेही सांगायला हवं. लोहगाव विमानतळावर एका माणसाला सोडायचं असेल तर पिवळ्या पाटीची टॅक्सीच बरी. आपली गाडी रिकामी परत येते, इंधन दोन्ही बाजूंचं, ड्रायव्हरचा पूर्ण दिवस, आणि मध्यरात्री एकटा परतणारा ड्रायव्हर. पैसेही जास्त, जोखीमही. सहा-सात जण, आठ बॅगा आणि चार दिवसांनी परतीलाही आणायचं, असं असेल तर चित्र बदलतं. मात्र टॅक्सी घेताना पाटी पाहावी. ‘घरचीच गाडी आहे, स्वस्तात देतो’ म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणारे आहेत. परमिटशिवाय भाडं मारणं बेकायदा, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला आयतं कारण. हाच नियम उलटा आपल्यालाही लागतो. मुलाला शाळेत सोडायला ड्रायव्हर ठेवला आणि शेजारच्या तीन मुलांकडून महिना पैसे घ्यायला लागलात, की तुमची गाडीही भाड्याचीच झाली. पाळी लावून एकमेकांची मुलं फुकट नेण्याला हरकत नाही.

महिन्याचा ड्रायव्हर ठेवावा की कॉलवर बोलवावा, हे वापराच्या दिवसांवर ठरतं. समजा महिन्याला १८,००० आणि दिवसाला १,२००. महिन्यात पंधरापेक्षा जास्त दिवस लागत असेल तरच पगारी माणूस परवडतो, तोही दिवाळीचा बोनस आणि रजा न धरता. कोडोलीच्या एमआयडीसीत रोज जाणारे, दवाखाना चालवणारे डॉक्टर, कोर्टकचेरीच्या तारखांना कऱ्हाड-वाई करणारे वकील यांना पगारी ड्रायव्हर सोयीचा. निवृत्त जोडप्याला कॉलवरचाच पुरतो. पगारी ड्रायव्हर आणि बीएस-६ डिझेल गाडी असेल तर एक काम त्याच्याकडून हटकून करून घ्यावं. राजवाडा ते पोवई नाका असल्या छोट्या फेऱ्यांनी धुराड्यातला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, काजळीने भरतो, कारण ती जाळायला लागणारी उष्णताच तयार होत नाही. आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर अतीतपर्यंत नेऊन आणायची, वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने. डीपीएफचा दिवा लागला असताना ‘पोचलो एकदाचे’ म्हणून इंजिन बंद करणं ही सगळ्यात महागडी चूक.

एजन्सीचा ड्रायव्हर आवडला म्हणून परस्पर पगारावर ठेवायचा मोह होतो. करारात बहुधा त्यावर दंड किंवा एक महिन्याचं कमिशन लिहिलेलं असतं. ते भरून मोकळं व्हावं. लपवाछपवी केली तर पुढच्या वेळी बदली माणूस मागायला तोंड राहत नाही.

वयस्क प्रवाशांसाठी ड्रायव्हर मागताना ‘पेशंट आहे’ एवढंच न सांगता नेमकं काम सांगावं : व्हीलचेअर घडी करून डिकीत टाकायची आहे, पुढची सीट मागे सरकवून आजोबांना आधी बसवून मग पाय आत घ्यायचे आहेत, स्पीडब्रेकरला पाठीला झटका चालत नाही. उतरून येऊन दार उघडून हात धरण्याची सवय ज्याला आहे तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो. याबाबतीत साताऱ्यातले ड्रायव्हर खरंच चांगले आहेत. सांगावं लागत नाही आणि त्याचे जादा पैसेही कुणी लावत नाही.

गाडी ताब्यात देताना चारही बाजूंचे, किलोमीटरच्या आकड्याचे आणि इंधनाच्या काट्याचे फोटो त्याच्या समोरच काढावेत. यात अपमान नाही, जुने ड्रायव्हर स्वतःहून काढायला लावतात, कारण आधीचा ओरखडा त्यांच्या माथी येत नाही. इंधन टाकी टू टाकी (भरून निघायचं, भरूनच परत), पैसे थेट पंपावर आपल्या यूपीआयने. स्टेपनीची हवा आणि जॅक निघण्याआधी बघायचा, पंक्चर झाल्यावर नव्हे.

आणि किल्ली. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली ड्रायव्हरच्या शर्टाच्या खिशात असते. रात्री साडेदहाला गाडी लावून, दिवसाचे पैसे घेऊन तो टू-व्हीलरला किक मारतो आणि किल्ली लिंबला जाते. सकाळी आठला तुम्हाला दवाखान्यात जायचं असतं. मग तो रात्री परत येतो किंवा पहाटे पाचला उठून येतो, आणि त्याच दिवशी एजन्सीने त्याला दुसऱ्याच्या गाडीवर मुंबईला लावलेलं असतं. दाराच्या आत एक हूक ठोकावा आणि किल्ली हुकाला लागल्याशिवाय पैसे देऊ नयेत.